सतरा इंची हौस

एक विचारू? तुमच्या वडिलांनी तुमच्या गाडीत बसायला कधी नकार दिलाय? माझ्या दिलाय. आणि गंमत म्हणजे गाडी त्यांचीच होती!

गाडी म्हणजे कॉन्टेसा क्लासिक, १९९५ची. आण्णांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा मी शाळेत होतो. घोडनदीच्या बाजारपेठेतून ती निघाली की दुकानदार तराजू सोडून बघायचे. लांबलचक बोनेट, समोर चार गोल दिवे आणि लग्नाचा निम्मा रुखवत मावेल एवढी डिकी. शिरूर तालुक्यात आज रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यातून जीप बाहेर पडतात, पण त्या काळात आमच्या गल्लीत रुबाब म्हणजे कॉन्टेसाच.

हिंदुस्तान मोटर्सनं ही गाडी १९८४ ते २००२ या काळात बनवली. मूळ डिझाइन ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलचं, सत्तरच्या दशकातलं. क्लासिकमध्ये इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि गाडीला जरा जान आली. आता खरी मसल कार म्हणजे अमेरिकेतली, १९६४ची पॉन्टिॲक जीटीओ वगैरे, बोनेटखाली आठ सिलिंडरचं धूड. आमच्याकडे चारच सिलिंडर. पण ताकद मागच्या चाकांना जाते आणि दिसायला ती तशीच दांडगी आहे, म्हणून हौशी मंडळी तिला ‘देशी मसल कार’ म्हणतात. म्हणू द्या, आपल्याला आवडतं!

तर दोन वर्षांपूर्वी आण्णांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मणक्यात गॅप निघालाय, डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद सांगितलंय. “आता तूच बघ,” एवढंच म्हणाले. मी खराडीच्या एका आयटी पार्कात दिवसभर एक्सेल शीट भरणारा माणूस. मी बघितलं म्हणजे काय केलं, तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जमिनीला चिकटलेल्या जुन्या गाड्यांचे फोटो बघितले. ठरलं, आपली पण अशीच करायची.

साईझचं गणित अगदी सोपं आहे. आमच्या गाडीवर १८५/७० आर १४ टायर होते. १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे रुंदीच्या ७० टक्के इतकी टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, म्हणजे १२९.५ मिमी. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एका इंचाचे २५.४ मिमी करायचे, त्यात वरची आणि खालची भिंत मिळवायची. चाकाची पूर्ण उंची आली साधारण ६१५ मिमी. रिम मोठं घ्यायचं असेल तर भिंत तेवढी बारीक करायची, म्हणजे एकूण उंची तीच राहते. स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, गिअरिंग बदलत नाही. फंडा क्लिअर!

मी एक्सेलमध्ये टाकलं: २०५/४५ आर १७. उत्तर आलं ६१६ मिमी. फरक फक्त दोन मिलिमीटरच्या आत. मी खुर्चीतच उड्या मारल्या. सतरा इंची, साडेसात इंच रुंद अलॉय व्हील्स घेतले, आणि त्याच गॅरेजमध्ये स्प्रिंगा कापून गाडी ६० मिमी खाली बसवली. गाडी काय दिसत होती म्हणून सांगू! फोटो टाकला, ऑफिसमध्ये फुल टू भाव मिळाला.

मग पहिल्याच रविवारी आण्णांना घेऊन दौंडला निघालो, ताईकडे.

शिरूरहून दौंड म्हणजे आमचा ठरलेला रस्ता. न्हावरा, मग पारगावला भीमेचा पूल, चौफुल्याला सोलापूर हायवे, पाटसवरून दौंड. हंगाम चालू होता. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडेला चाकोऱ्या पाडलेल्या. आणि गतिरोधक! इंडियन रोड काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, म्हणजे गाडी त्यावर अलगद चढते आणि उतरते. आमच्याकडच्या काही गतिरोधकांनी हे मानक वाचलेलं नाही. न्हावऱ्याच्या आधीच पोटाला पहिला धक्का बसला. खर्रर्र. दुसऱ्याला मागच्या मडगार्डमधून जळक्या रबराचा वास आला. आण्णा सीटच्या वरची मूठ धरून बसले होते. तोंडातून शब्द नाही. कपाळावर घाम मात्र होता, आणि एसी चालू होता.

दौंडला पोचल्यावर त्यांना दाजींनी हात धरून उतरवलं. मी लगेच चाक बघायला वाकलो. मागच्या उजव्या टायरची भिंत मडगार्डच्या कडेला घासून सोलली होती. वर अंड्याएवढा फुगाही आला होता. म्हणजे आतले धागे तुटलेले. हायवेला तो फुटला असता तर हा कॉलम लिहायला मी नसतो.

संध्याकाळी निघताना आण्णा म्हणाले, “तू ये मागनं गाडी नीट करून. मी जातो एसटीनं.”

“आण्णा, एसटीत जास्त दणके बसतील.”

“पुढची सीट मिळती की.” आणि गेले. ताईनं माझ्याकडे असं बघितलं, की मी मान वर केली नाही.

दाजींनी मला स्टेशनच्या बाजूला त्यांच्या ओळखीच्या टायरवाल्याकडे नेलं. साठीचा माणूस, हातात खडू आणि मेजर टेप. मी त्याला मोबाइलवर एक्सेल शीट दाखवली. त्यानं ती शांतपणे बघितली आणि म्हणाला, “साहेब, उंचीचं गणित बरोबर हाय तुमचं. पण चाक काय फक्त उंच असतं का?”

तिथं माझा क्लास सुरू झाला.

पहिला धडा, रुंदी आणि ऑफसेट. जुनं रिम साडेपाच इंची, नवं साडेसात. दोन इंच वाढले, म्हणजे आत एक आणि बाहेर एक. ऑफसेट म्हणजे रिमची मधली रेषा आणि नट आवळतात ती जागा यांतलं अंतर. माझ्या नव्या रिमचा ऑफसेट जुन्यापेक्षा १५ मिमी कमी होता. ऑफसेट कमी झाला की पूर्ण चाक तेवढं बाहेर सरकतं. म्हणजे रिमची बाहेरची कड २५ अधिक १५, जवळजवळ ४० मिमी बाहेर आली. थेट मडगार्डच्या ओठाखाली. गाडी उंच असती तर कदाचित चाललं असतं. मी ती खाली बसवली होती. कॉन्टेसाला मागे अखंड एक्सल आहे, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं तिरकं होऊन मडगार्डमध्ये घुसतं.

दुसरा धडा, भिंत. जुन्या टायरची भिंत १२९.५ मिमी, नव्याची ९२. धक्का खायला टायरमध्ये जी हवेची उशी असते, तिचे ३७ मिमी मी स्वतःच्या हातानं कापले. त्यात स्प्रिंगची ६० मिमीची हालचाल गेली. कापलेली स्प्रिंग जास्त कडकही होते. मग राहिलेला दणका कुठं जाणार? सीटमधून वर. मणक्यात.

तिसरा धडा मी आजवर कधी वाचलाच नव्हता. टायरवर साईझच्या पुढे एक आकडा असतो, लोड इंडेक्स. माझ्या जुन्या टायरवर ८८ होता, म्हणजे एका टायरला ५६० किलो. नव्यावर ८४, म्हणजे ५०० किलो. टायर रुंद झाला, महाग झाला आणि वजन उचलायला कमजोर झाला! पाच माणसं, डिकीत दिवाळीचा फराळ आणि गव्हाचं पोतं, हा आमचा नेहमीचा लोड.

नटांच्या वर्तुळाचा व्यासही त्यानं मोजला, ज्याला पीसीडी म्हणतात. हा आकडा तंतोतंतच लागतो. दोन मिलिमीटरचा फरक असला तरी चाक बसल्यासारखं वाटतं, आणि नट चालता चालता ढिले होतात. नशिबानं तेवढं तरी माझं बरोबर होतं.

“मग आधी कळणार कसं, बसेल का नाही?” मी विचारलं.

“घरून कणीक आणा,” तो म्हणाला. मला वाटलं चेष्टा करतोय. पण दाजींनी खरंच ताईकडून कणकेचा गोळा आणला. त्यानं मडगार्डच्या आतल्या बाजूला चार-पाच ठिकाणी कणीक चिकटवली, मागच्या सीटवर आम्ही तिघं बसलो, डिकीत पोती टाकली, आणि गाडी एक चाक विटांवर चढवून हळू पुढे-मागे घेतली. पुढची चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघितली. मग कणीक काढून तिची जाडी मोजली. जिथं ती चेपून कागद झाली, तिथं टायर लागतो. त्याचा हिशेब होता, भरल्या गाडीत सगळीकडे निदान बोटभर तरी जागा शिल्लक पाहिजे. माझ्या गाडीत मागे कणीक उरलीच नव्हती.

तोच म्हणाला, तुम्हाला मोठं रिमच हवं ना? मग पंधरा घ्या. १९५/६० आर १५, सहा इंच रुंद रिम, ऑफसेट पहिल्याइतकाच. मी तिथंच गणित केलं. उंची ६१५ मिमी. रिम दोन्ही बाजूंना जेमतेम सहा-सहा मिमी वाढतं. भिंत ११७. लोड इंडेक्स ८८, जुन्याइतकाच. एवढं सरळ उत्तर माझ्या शीटच्या दुसऱ्या ओळीत पहिल्यापासून होतं. मी तिथं थांबलोच नव्हतो, कारण पंधरा इंचाचा फोटो काढून काय उपयोग? आणि ज्या अमेरिकन गाड्यांच्या नादानं मी हे केलं, त्या जीटीओलाही कंपनीनं १४ इंचीच रिम दिलं होतं. मोठ्या चाकांची फॅशन नंतरची.

राहिल्या स्प्रिंगा. त्या तशाही ठेवून चालणार नव्हत्याच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. १५ वर्षं झालेल्या गाडीचं आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करताना आरटीओ गाडी बघतो. अपघात झालाच तर विमा कंपनीही बघते. स्प्रिंगला करवत लावण्याआधी हे वाचा, नंतर वाचून उपयोग नाही.

पण कॉन्टेसाच्या नव्या स्प्रिंगा आणायच्या कुठून? पुण्यात दोन शनिवार हिंडलो. शेवटी घरी आण्णांना सांगितलं, की स्प्रिंगा मिळत नाहीत. ते उठले, मागच्या खोलीत गेले आणि मला हाक मारली. कोपऱ्यात एक पोतं. आत ग्रीस लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या चार स्प्रिंगा.

“ह्या कुठल्या?”

“१९९८ला घेतल्या होत्या जादा. पुढंमागं लागतील म्हणून.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“तू कुठं विचारलं?”

खरंच होतं. चाक किती इंची, रिम कुठल्या रंगाचं, हे मी अख्ख्या जगाला विचारलं होतं. जो माणूस त्या गाडीत बसणार होता, त्याला सोडून.

गेल्या महिन्यात पुन्हा दौंडला गेलो. पंधरा इंची चाकं, मूळ उंची. न्हावऱ्याचा गतिरोधक आला तेव्हा मी श्वास रोखला. गाडी चढली, उतरली. आण्णांनी मूठ धरली नव्हती. पारगावच्या पुलावर ते खिडकीतून नदीचं पाणी बघत होते. चौफुल्याला चहा घेताना गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “रिमा जरा जास्तच चमकत्यात. काळ्या करता येत्याल का?”

बघा, हौस काय माझ्या एकट्याचीच नाही!

ता. क. : सतरा इंची चार अलॉय व्हील्स विकणे आहे. जेमतेम एक रविवार वापरलेली. अट एकच, बघायला येताना वडिलांना मागच्या सीटवर बसवून न्हावऱ्यावरून यायचं.