नवख्याचें कार्ड कोणतें?

अमेरिकेंत बेसबॉलच्या खेळाडूंचीं कार्डें जमविण्याचा नाद फार जुना. प्रथम सिगारेटच्या पाकिटांतून, मग च्युइंगगमाबरोबर मिळणारीं हीं कार्डें आज घरादारांच्या किंमतींस विकलीं जातात. त्यांत मोठा मान 'रूकी कार्डा'ला, म्हणजे नवख्या खेळाडूच्या कार्डाला आहे. पण नवखेपण ठरवावें कोणीं? व्यापाऱ्यानें, सूचीकारानें, कीं खेळाच्या इतिहासानें?

व्यापाऱ्यांना जें आधीं छापलें तेंच हवें असतें. माइक ट्राउट वरच्या संघांत उतरला २०११ सालीं. पण त्याच्या स्वाक्षरीचें २००९ सालचें एकमेव प्रतीचें कार्ड २०२० सालीं ३९ लाखांहून अधिक डॉलरांस गेलें. बेब रूथचें १९१४ सालचें बाल्टिमोरचें कार्ड तर तो खालच्या लीगमध्यें असतांनाचें आहे. अशीं कार्डें चरित्रकारास मोलाचीं खरीं. परंतु जो दारांत आलाच नाहीं त्याला नवखा पाहुणा कसें म्हणावें? या बाबतींत मेजर लीग व खेळाडूंची संघटना यांनीं २००६ पासून जो नियम घातला, कीं खेळाडू वरच्या संघांत दाखल झाल्यावरच त्याच्या कार्डावर रूकीची मुद्रा यावी, तो आम्हांस योग्य वाटतो. किंमतीचा दाखला तर कोणीं देऊंच नये. मिकी मॅन्टलचें पदार्पणाच्या वर्षाचें कार्ड बोमन कंपनीचें, १९५१ सालचें. आणि २०२२ सालीं १ कोटी २६ लाख डॉलर आले ते त्याच्या १९५२ सालच्या टॉप्सच्या कार्डाला!

आमचें खरें भांडण आहे तें सूचीकारांशीं. देशभर विकल्या गेलेल्या पाकिटांतून जें निघालें तेंच रूकी कार्ड, असा त्यांचा जुना दंडक. त्याचा सर्वांत मोठा अन्याय जॅकी रॉबिन्सनवर झाला. काळ्या खेळाडूंना साठांवर वर्षें बंद असलेल्या मेजर लीगमध्यें तो १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिनतर्फें उतरला. त्याच वर्षीं बॉण्ड ब्रेड या पावाच्या जाहिरातीखातर त्याचीं कार्डें निघालीं. तरी सूचींतून वर्षानुवर्षें मान मिळाला तो लीफ व बोमन या कंपन्यांच्या कार्डांना. पैकीं लीफचा संच १९४८ चा कीं १९४९ चा याचाच वाद आहे, आणि बोमनचा तर उघडच १९४९ चा. म्हणजे गम विकणाऱ्यानें छापलें तें कार्ड, आणि पाव विकणाऱ्यानें छापलें तो कागदाचा कपटा!

पदार्पणाच्या वर्षीं निघालेलें कार्ड, मग तें कोणींही छापलेलें असो; त्या वर्षीं निघालेंच नसेल तर त्यानंतरचें पहिलें: याहून अवघड व्याख्येची गरज आम्हांस दिसत नाहीं. पावाबरोबरचीं कार्डें थोड्या शहरांत मिळालीं, ही हरकत दुर्मिळतेची आहे, आरंभाची नव्हे. वर्षांतील उत्कृष्ट नवख्याचा पुरस्कार प्रथमच सुरू झाला तो १९४७ सालीं, आणि मिळाला रॉबिन्सनला. १९४९ सालीं तो नॅशनल लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. त्या सालच्या कार्डाला नवख्याचें म्हणतांना सूचीकारांची लेखणी अडखळली कशी नाहीं?