नकाशा भिंतीवर राहू द्या

आपलं संशोधन गावात जाऊन सांगा म्हटलं की पहिला आक्षेप प्राध्यापक मित्रांचाच असतो. "यावलला जाऊन मी भूजलावर काय बोलू? समोरच्याला जलधर म्हणजे काय तेच माहीत नसणार." हे म्हणणारा माणूस उर्मट नसतो, बहुतेक वेळा दमलेला असतो. तरीही त्याचं म्हणणं चूक आहे, आणि जळगाव जिल्ह्यातल्या यावलच्या बाबतीत तर फारच चूक आहे.

सातपुड्यातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा आणि वाळूमातीचा एक लांबट पट्टा डोंगराच्या पायथ्याशी पसरला आहे. भूशास्त्र त्याला बझाडा म्हणतं. डोंगरावरचं पाणी ओढ्यानाल्यांतून या पट्ट्यात उतरतं आणि मुरतं. वर्षानुवर्षं केळीने ते वर ओढलं. सरकारच्या भूजल वर्गवारीत यावल आणि रावेर हे तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले, ते याच पट्ट्याच्या कडेला बसून. आता इथल्या केळीवाल्याला 'जलधर' (जमिनीखालचा पाणी धरणारा थर) हा शब्द माहीत नसेलही. पण कोणती विहीर आधी आटली, ट्यूबवेलमध्ये किती पाइप वाढवावे लागले, नाल्याच्या कुठल्या वळणावर पाणी चटकन जिरतं, हे त्याला ठाऊक आहे. जलधर त्याने पदरचे पैसे घालून मोजलेला आहे. त्याच्यासमोर भूशास्त्राच्या प्राध्यापकाने नकाशा टांगला, तर कोणाला काय कळणार नाही याची चिंता दोघांनीही सारखीच वाटून घ्यावी.

असाच एक आक्षेप दीडशे वर्षांपूर्वी केंब्रिजमध्ये घेतला गेला होता. जेम्स स्टुअर्ट नावाचा तिथला एक तरुण अध्यापक 1867 च्या सुमाराला उत्तर इंग्लंडच्या कारखानी गावांत व्याख्यानं देऊ लागला. रॉचडेलला, म्हणजे जिथल्या विणकरांनी सहकारी दुकान काढून जगाला सहकार शिकवला त्या गावी, तो खगोलशास्त्रावर बोलला. पुढच्या आठवड्यात परत यायचंच होतं, म्हणून त्याने आकृत्या भिंतीवर तशाच ठेवल्या. परतल्यावर सभागृह सांभाळणाऱ्याने सांगितलं की दरम्यानच्या सभेत लोक त्या आकृत्यांवर वाद घालत होते. त्यांना काही विचारायचं आहे, म्हणून ते व्याख्यानाच्या थोडं आधी येणार आहेत. व्याख्यानाला जोडून प्रश्नोत्तरांचा वर्ग घ्यायची पद्धत अशा अनुभवांतून रुजली, आणि 1873 मध्ये केंब्रिजने हे काम विद्यापीठाचं काम म्हणून अंगावर घेतलं. गिरणीत राबणाऱ्यांना ग्रहताऱ्यांतलं काय कळणार, असं म्हणणाऱ्यांचं तोंड त्या भिंतीवरच्या कागदांनी बंद केलं.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. "सगळं यूट्यूबवर आहे, मग सतरंज्या कशाला अंथरायच्या?" आहे खरं. पण यूट्यूबवरच्या वक्त्याला मध्येच थांबवता येत नाही. केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग येतो, शेतकरी त्याला हरण्या म्हणतात. रोग मावा पसरवतो, लागलेलं झाड बरं होत नाही, ते उपटून नष्ट करायचं. एवढं पाच मिनिटांच्या चित्रफितीत बसतं. त्यापुढचा प्रश्न बसत नाही: "मी टिश्यूची रोपं आणली, शेजाऱ्याने कंद लावले, रोग माझ्याच बागेत का?" या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर बागेच्या कडेला काकडीवर्गीय पीक होतं का, लागवड मृगबागेची की कांदेबागेची, मधल्या सरीत काय लावलं होतं, हे उलट विचारावं लागतं. त्या उलट प्रश्नांतून अभ्यासकाच्या वहीत जे उतरेल, ते प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसणारं नाही. मी व्याख्यान म्हणतो ते यासाठी. गावाला ज्ञानदान वगैरे शब्द मला ऐकवत नाहीत. त्यांत दान देणाऱ्याचाच हात वर दिसतो.

आपल्या शास्त्रार्थाची रीत आठवा. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल इतका चांगला, आणि मगच उत्तरपक्ष. आजच्या शोधनिबंधाचा पूर्वपक्ष कोण मांडतो? दोन अनामिक परीक्षक, तेही त्याच विषयातले. त्यांच्या परीक्षेची गरज आहेच. पण यावलच्या पाण्यावरच्या निबंधाला यावलचा पूर्वपक्ष मिळालाच नसेल, तर तो वाद अर्धाच झाला असं मी धरतो.

तिसरा आक्षेप मात्र मला गप्प करतो, निदान थोडा वेळ. "काम पुरं झाल्याशिवाय बोलू नये. अर्धवट निष्कर्ष ऐकून एखाद्याने उभी बाग उपटली तर?" हे खरं आहे. वर्गात चुकलेलं वाक्य पुढच्या तासाला दुरुस्त करता येतं, शेतात चुकलेलं वाक्य हंगाम खाऊन जातं. म्हणून गावात बोलणाऱ्याने आपल्या विधानांची प्रतवारी मोठ्याने करावी: हे सिद्ध झालेलं, हे माझ्या पाहण्यातलं, हा नुसता कयास. अंदाजाला अंदाज म्हणण्याची लाज परिषदेत वाटते, चावडीवर वाटायचं कारण नाही. पाऊस कधी येईल याचे कयास ऐकतच ते लोक मोठे झालेत.

आता ज्यांचा या कल्पनेला पाठिंबा आहे त्यांच्याकडे वळतो, कारण नुकसान तेही कमी करत नाहीत. व्याख्यानमालांची महाराष्ट्राला कधी वाण नव्हती. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या काळची, 1875 पासूनची. खानदेशातली महाविद्यालयं 1990 पर्यंत पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, आणि त्या विद्यापीठाच्या बहिःशाल मंडळाने पहिले कुलगुरू जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला गावोगावी नेली. चांगली सोय होती. पण पुढे अशा मालांचं झालं काय? मी स्वतः एका गावात वक्ता म्हणून गेलो होतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सात जणांना शाल-श्रीफळ, त्यांतल्या चौघांची मनोगतं. मला पंचवीस मिनिटं उरली. शेवटी सूत्रसंचालकाने जाहीर केलं की वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत, चहा तयार आहे. चहा उत्तम होता. वक्त्यांचं तरी काय? यशाची सूत्रं, आईची महती, दोन शेर, एक हशा. त्यात वक्त्याच्या स्वतःच्या कामाचा कणही नसतो. इतिहासाचा प्राध्यापक पंधरा वर्षं मोडी कागद वाचतो आणि व्याख्यानाला उभा राहिला की व्यक्तिमत्त्व विकासावर बोलतो! त्या कागदांत याच परगण्यातल्या कुणाच्या वतनाचं भांडण असेल, ते सांगा ना.

सर्जनाच्या बाबतीत तर हे आणखी खटकतं. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. धुळ्यापासून लंडनपर्यंत त्यांनी शिकवलं, गोव्यात आणि मुंबईत विद्यापीठीय अध्यापन केलं, ज्ञानपीठ मिळवलं. 1963 साली आलेल्या 'कोसला'च्या नायकाचं आडनावच सांगवीकर. ही कादंबरी कुठे कुठे अभ्यासक्रमात लागली, तिच्यावर किती प्रबंध झाले, ते ग्रंथालयात सापडेल. पण कादंबरी शिकवणारा प्राध्यापक सांगवीच्या पारावर बसून 'या वाक्याची लय तुमच्या बोलण्यातली आहे की नाही, बोला' असं विचारतोय, हे चित्र मला अजून पाहायचं आहे. तिथे लेवा बोली बोलणारे आहेत, डोंगराकडे तडवी आहेत, पावरा आहेत. भाषेच्या प्राध्यापकाला याहून खडूस परीक्षक मिळायचे नाहीत.

अमळनेरचं उदाहरण यात दोन्हीकडून वापरता येतं. 1916 साली प्रतापशेठजींच्या आधाराने तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ तिथे येऊन राहिला. तालुक्याच्या गावी अद्वैतावर इतक्या तोलामोलाचं काम! पण त्याचं त्रैमासिक निघायचं इंग्रजीत. अमळनेरकरांच्या मनात घर केलं ते त्याच मंदिरात काही काळ शिकून शेजारच्या शाळेत मास्तर झालेल्या साने गुरुजींनी. भट्टाचार्य थोर नव्हते असं नाही. गुरुजी बोलत होते, एवढाच फरक.

मराठीत बोलायला शब्द नाहीत, ही सबब जयंत नारळीकरांनंतर तरी कुणी सांगू नये. विश्वरचनाशास्त्रातला हा माणूस मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 1974 साली नारायण विनायक जगताप या टोपणनावाने उतरला, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि नंतर आयुष्यभर शाळकरी पोरांसमोर कृष्णविवरांवर मराठीत बोलत राहिला.

एक आक्षेप मात्र मी पुरताच मान्य करतो. निम्म्या महाविद्यालयांचा गाडा तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चाललेला असतो. तासाला मोजून पैसे घेणाऱ्या, सुट्टीत बेकार होणाऱ्या माणसाला संध्याकाळी फुकट समाजसेवा करायला सांगणं हा अन्याय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने विस्तारकार्याला 1977 सालीच अध्यापन-संशोधनाच्या जोडीचं तिसरं कर्तव्य म्हटलं. विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन आणि विस्तार मंडळही आहे. पण बढतीच्या कोष्टकात परिषदेतल्या निमंत्रित भाषणाला मोजून गुण, आणि फैजपूरच्या भाषणाला 'इतर उपक्रम'. आधी मानधन द्या, गाडीभाडं द्या, गुण द्या, मग निष्ठेवर बोला.

फैजपूर म्हटल्यावर 1936 आठवणारच. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन याच तालुक्यात झालं. अध्यक्ष नेहरू, आणि बांबूंच्या सजावटीला थेट शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले. राष्ट्राचं राजकारण इथवर चालत आलं, मग जळगावच्या विद्यापीठाला तापी ओलांडायला कसली अडचण? शिवाय हे विद्यापीठ 2018 पासून बहिणाबाईंचं नाव लावतं. शाळेत न गेलेली, असोद्याची लेक. तिच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, ऐकून उतरवल्या म्हणून 1952 साली पुस्तक झालं. तिच्या नावाच्या विद्यापीठातला एकही शोधनिबंध तिला वाचता आला नसता. ऐकता आला असता. आणि ऐकून ती गप्प बसली असती असं तिच्या ओव्यांवरून तरी वाटत नाही.

"माणसं किती येतील?" हा शेवटचा, संयोजकांचा प्रश्न. पहिल्या दिवशी पंधरा. त्यांतली सहा संयोजकांचीच, एक जण डास फार म्हणून लवकर उठेल. हार-शाल नको, चाळीस मिनिटं व्याख्यान, तितकाच वेळ प्रश्नांना. पुढच्या शनिवारी तोच वक्ता, तेच गाव. निघताना माईक, बॅनर, उरलेल्या पाण्याच्या बाटल्या सगळं गाडीत घाला. बझाड्याचा नकाशा तेवढा भिंतीवर राहू द्या.