रूढीची उलटतपासणी

साध्या कैदेतील बंद्याला हलक्या दर्जाचे काम देऊ नये, मात्र तो अशा कामाची सवय असलेल्या वर्गातला वा समाजातला असेल तर चालेल, असा नियम उत्तर प्रदेशच्या कारागृह नियमावलीत होता. नियमावली २०२२ ची, १९२२ ची नव्हे! पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले.

पण ‘सवय’ असल्याची साक्ष दिली कोणी? झाडू ज्याच्या हाती आला त्याने नव्हे, झाडू देणाऱ्याने. कोर्टाच्या भाषेत ही एकतर्फी साक्ष झाली. नीती ग्रंथातून येते, वाडवडिलांकडून येते असे सांगणारे धर्ममार्तंड नेमकी उलटतपासणीच टाळतात. तथागतांनी कालामांना परंपरा, ग्रंथ वा गुरूचा मान यांवर न विसंबता कृतीचा परिणाम हिताचा की अहिताचा हे स्वतः पारखायला सांगितले.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला ही पारख चारचौघांत केली. ते चवदार तळ्याचे पाणी प्याले. पाणी होते तसेच राहिले. सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याची ‘शुद्धी’ केली आणि पुढे दिवाणी दावा ठोकला की अस्पृश्यांना तळे बंद असण्याची वहिवाट अनादी आहे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने त्यांचे अपील फेटाळले. आपण जिंकलो, पण कशावर? अनादी वहिवाट शाबीत झाली नाही, एवढ्यावर. ती न्याय्य आहे का, या प्रश्नात शिरण्याची गरजच न्या. ब्रूमफील्ड यांना उरली नाही. सनातन्यांनी जुने दाखले आणले असते तर? ही फट संविधानाच्या अनुच्छेद १७ ने बुजवली. अस्पृश्यता कितीही जुनी शाबीत करा, तो आता बचाव होत नाही. २०२४ च्या निकालात हाच अनुच्छेद कामी आला.

निकालाने राज्यांना तीन महिन्यांत नियमावल्या दुरुस्त करायला आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. ते योग्यच. मात्र रकाना गेला की कागदावरचा पुरावाही गेला. संडास कोण साफ करतो, स्वयंपाक कोणाकडे आहे, हे आता नोंदवहीतून कळणार नाही. चळवळीतल्या वकील बांधवांनी आपापल्या जिल्ह्यातील तुरुंगातून सुटून आलेल्यांचे जबाब लिहून घ्यावेत, सही-अंगठ्यासह.