पडदा पूर्ववत करणे हे उपकार नव्हेत!

काम केव्हाच फसून थांबले आहे, पण पडद्यावरचे प्रतीक्षाचक्र गरगरतेच आहे. बटणे फिकट पडून मुकी झाली आहेत. आणि समोरचा कारकून 'संगणक हँग झाला' म्हणून अर्धे काम टाकून तो बंद करतो. संगणक हँग झालेला नाही! प्रोग्रामरने कर्सर पहिल्या ओळीत बदलला आणि परत करणारी ओळ तळाशी ठेवली. मध्ये फाइल सापडली नाही, एरर आली, आणि ती तळची ओळ चाललीच नाही. या बेपर्वाईला चूक म्हणायलाही आम्ही तयार नाही.

एक्सेलमध्ये तर ती पैशांवर उठते. वेग वाढावा म्हणून मॅक्रो पडदा गोठवतो, कॅल्क्युलेशन मॅन्युअल करतो, इव्हेंट बंद करतो. मॅक्रो मध्येच कोसळला, तर गोठवलेला पडदा एक्सेल स्वतः पुन्हा चालू करते. बाकीच्या दोन गोष्टी मात्र तशाच राहतात. मग पगारपत्रकात आकडा बदलला तरी खालची बेरीज जुनीच! त्या बेरजेवर सही करणाऱ्याला कोण सांगणार?

उपाय नवा नाही. सी++ मध्ये छोटा ऑब्जेक्ट जन्मताच जुनी स्थिती टिपतो आणि ब्लॉकमधून बाहेर पडताना, मग ते रिटर्नने असो वा पकडल्या गेलेल्या एक्सेप्शनने, डिस्ट्रक्टर ती परत करतो. एमएफसीचा सीवेटकर्सर हेच करतो. डेल्फीत ट्राय-फायनली आहे, सी-शार्पमध्ये युझिंग आहे, पायथनमध्ये 2006 पासून विथ आहे. व्हीबीएत फायनली नाही हे खरे, पण ऑन एरर गोटू आहे ना? मग सबब कसली?

आणि परत करायचे ते पूर्वीचेच, डीफॉल्ट नव्हे. वापरणाऱ्याने स्वतःहून मॅन्युअल ठेवलेले कॅल्क्युलेशन मॅक्रोने ऑटोमॅटिक करून निघून जावे, हा सरळ अतिक्रमणाचा प्रकार आहे. क्यूटीने बदललेल्या कर्सरांसाठी स्टॅक ठेवला तो याचसाठी: आतल्या फंक्शनने आपला कर्सर काढला, तरी बाहेरच्याचा शाबूत राहावा.

कोड रिव्ह्यू करणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाकडे आमची मागणी आहे. स्थिती बदलणारी ओळ परतीच्या बंदोबस्ताशिवाय दिसली, की तो कोड तिथेच नाकारा. डेमोत सगळे सुरळीत चालले म्हणून मान डोलावू नका. कामाच्या ऐन मध्यावर मुद्दाम एरर फेकायला लावा आणि कर्सर, बटणे, कॅल्क्युलेशन एकेक तपासा. तोवर रिलीजवर सही करू नका.