भरती हाय का?

अमरावतीत छत्री तलावाच्या रस्त्यावर पहाटे धावताना हा प्रश्न ठरलेला. कधी फिरायला आलेले काका विचारतात, कधी सायकलवरचा दूधवाला. "कायले पयून राह्यली वो पोरी? भरती हाय का?" भरती म्हणजे पोलीस भरती. 'हो' म्हटलं की चेहरा खुलतो, "शाब्बास, पय." 'नाही, असंच' म्हटलं की तोच चेहरा कोड्यात पडतो. मी दोन्ही उत्तरं देऊन पाहिलीत. आता सरळ 'हो' म्हणते, दम वाचतो.

आमच्याकडच्या मॅरेथॉनवाल्यांचं रडगाणं असतं की लेडीज येतच नाहीत. अहो, कुठे बघताय तुम्ही? अमरावती असो की अकोला, शहराबाहेरच्या कुठल्याही रस्त्यावर उजाडायच्या आत जाऊन उभे राहा. ओढणी कमरेला बांधून, मोबाईलवर वेळ लावून पोरी धावताना दिसतील. पोलीस भरतीत बायकांना ३० टक्के आरक्षण आहे आणि मैदानी चाचणीत ८०० मीटर आहेत. मुलांना १६००, मुलींना ८००. हेच ८०० मीटर १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा धावल्या, आणि त्यांना हे झेपत नाही असं ठरवून ही शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली. आज तेवढ्याच अंतरासाठी वऱ्हाडातली पोरगी घड्याळाशी भांडते आहे. धावणाऱ्या बायका आहेतच. 'असंच' धावणाऱ्या नाहीत, कारण आपण त्यांना तसं धावू देत नाही.

लता भगवान करे आठवतात? मूळ बुलढाणा जिल्ह्यातल्या, म्हणजे आपल्याच. पोटासाठी बारामतीकडे गेलेल्या. नवऱ्याच्या एमआरआयला पैसे नव्हते म्हणून साठीच्या या बाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत जिंकल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. मलाही तो प्रसंग वाचून भरून आलं होतं. पण मग एक प्रश्न चिकटला तो सुटत नाही. नवरा ठणठणीत असता आणि बाईंना नुसतीच धावायची हौस असती, तर गावाने काय म्हटलं असतं?

बाई कोणासाठी तरी धावली की टाळ्या. नवऱ्यासाठी, नोकरीसाठी, लेकराच्या शाळेतल्या पालकांच्या स्पर्धेसाठी चालतं. स्वतःसाठी धावली की घरात चहा कोण ठेवणार, इथपासून सुरुवात. आणि वर आपण काय शिकलो? तर साडी रन! लताबाई साडीत धावल्या कारण त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. आपण त्या नाइलाजाचा ड्रेस कोड केला.

मागच्या वर्षी एका स्थानिक दौडीत मी दहा किलोमीटरसाठी नाव द्यायला गेले. टेबलवरचा दादा म्हणाला, "मॅडम, महिलांसाठी तीन किलोमीटर आहे ना, झुंबापण आहे." दहा किलोमीटर फॉर्ममध्ये होते, पण त्याला दाखवून द्यावे लागले. टी-शर्ट मिळाला तो गुडघ्यापर्यंत. मार्गावर पाण्याचे स्टॉल जागोजागी, संडास एकही नाही. पुरुष झाडामागे जाऊन आले. मी आदल्या रात्रीपासून पाणी तोडलं होतं, उन्हाळ्याच्या तोंडावर, वऱ्हाडात.

सरावाचंही तेच. आमच्या वडाळी-पोहऱ्याच्या बाजूला बिबट्या दिसल्याची बातमी आली की पुरुषांना सांगतात, जपून जा. बायकांना सांगतात, जाऊच नका. आणि खरं सांगू का, मला बिबट्याची भीती कमी वाटते. बाईक हळू करून शेजारून चालणाऱ्याची जास्त वाटते.

तेव्हा आयोजकांनी आठ मार्चचा गुलाबी फेटा ठेवून द्यावा. मार्गावर फिरती शौचालयं लावा. बायकांना दहा आणि एकवीस किलोमीटरसाठी आपणहून विचारा, पुरुषांइतकंच बक्षीस द्या. भरतीच्या पोरींना फी माफ करा, तुमच्या निम्म्या गड्यांच्या पुढे असतील त्या. आणि महानगरपालिकेकडे निवेदन द्यायला जाल तेव्हा सरावाच्या रस्त्यावरच्या बंद दिव्यांचंही द्या.

दिवाळीत घरी अकोल्याला गेले होते. मैदानावर एक पोरगी भेटली. पहाटे गावाहून ऑटोने येते, ८०० मीटरच्या फेऱ्या मारते. तिचा वेग बघून मी तिला दहा किलोमीटरच्या दौडीबद्दल सांगितलं. तिने आधी फी विचारली. मग म्हणाली, "ताई, त्यात नंबर आला तं भरतीत मार्क भेटतात का?"

मी नाही म्हटलं.

"मंग कायले?" ती हसली, बुटाची नाडी आवळली आणि चौथ्या फेरीला निघून गेली.