कमरेला .३२ की हातात नियम ३? शस्त्र परवान्याच्या मागणीचा हिशोब

मे २०२५ मध्ये आसाम सरकारच्या मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला. राज्याच्या संवेदनशील आणि दुर्गम भागात राहणाऱ्या 'मूळ रहिवाशांना' स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने देण्याचे धोरण सरकारने जाहीर केले. धुबरी, मोरीगाव, बारपेटा, नागाव, दक्षिण सालमारा-मानकाचार या जिल्ह्यांची नावे घेतली गेली आणि पुढे ऑनलाइन अर्जांची सोयही झाली. विरोधकांनी टीका केली, संपादकीये लिहिली गेली, काही दिवस चर्चा चालली.

या संपूर्ण चर्चेत एक गोष्ट कोणीही बोलले नाही. जिवाला धोका असलेल्या समाजघटकाला सरकारने स्वतःहून शस्त्र परवाना द्यावा, ही तरतूद या देशात नवी नाही. ती १९९५ पासून कागदावर आहे आणि ती अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील १९९५ च्या नियमांतील नियम ३ वाचा. अत्याचार होण्याची शक्यता असलेली क्षेत्रे राज्य सरकारने आधी निश्चित करावीत, तिथल्या बिगर-अनुसूचित व्यक्तींचे परवाने गरज पडल्यास रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शस्त्र परवाने द्यावेत, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे.

आसामच्या निर्णयाची जाहिरात झाली. नियम ३ मात्र तीस वर्षे फाइलीत पडून आहे. आपल्याकडे एखादे हत्याकांड झाले की "आम्हाला बंदुकीचे परवाने द्या" ही मागणी होते, मोर्चात घोषणा होतात आणि महिन्याभरात सगळे शांत होते. म्हणून या मागणीचा एकदा शांतपणे हिशोब करावा, असे आम्हाला वाटते. परवाना मिळाला तर हातात नेमके काय येते? आणि त्याने जीव वाचतो का?

दुकानात काय मिळते

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घेणारा माणूस ९ मिमी घ्यावे की .४५, यावर तासन्‌तास वाद घालतो. भारतात हा वाद कायद्यानेच संपवला आहे. ९ मिमी, .३८, .४५ हे बोअर आपल्याकडे 'निषिद्ध' आहेत. सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाहीत. परदेशी हत्यारांची आयात सामान्य नागरिकांसाठी १९८० च्या दशकातच बंद झाली. उरतात ती मुख्यतः देशी बनावटीची .३२ आणि .२२ बोअरची हत्यारे.

.३२ मध्येही दोन प्रकार आहेत. रिव्हॉल्व्हरमध्ये गोल फिरणाऱ्या चक्रात सहा काडतुसे बसतात. 'निर्भीक' आणि 'प्रबल' ही कानपूरची रिव्हॉल्व्हरे या गटातली. दुसरा प्रकार मॅगझिनवाल्या पिस्तुलाचा, त्यात 'अशानी' येते. दोघांचा आकडा .३२ असला तरी काडतूस वेगळे असते, एकाचे दुसऱ्यात चालत नाही. रिव्हॉल्व्हर साधे असते. एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा घोडा दाबला की पुढचे येते. पिस्तूल चपटे असल्याने कपड्यांखाली लपते, पण अडकले तर ते मोकळे करण्याचा सराव लागतो. ज्याला वर्षातून एकदाही गोळी झाडायला मिळणार नाही, त्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावे, असे जाणकार सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे.

आता ताकदीचा प्रश्न. .३२ च्या गोळीची ऊर्जा साधारण दीडशे ते पावणेदोनशे जूल असते. ९ मिमीची साडेचारशे ते पाचशे जूल. म्हणजे आपल्या हाती येते ते तिसऱ्या हिश्श्याचे हत्यार. .२२ त्याहूनही हलके.

पण केवळ आकड्यावर जाऊ नये. अमेरिकेच्या एफबीआयचा अनुभव इथे बोलका आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत झालेल्या चकमकीत त्यांचे दोन अधिकारी मारले गेले आणि पाच जखमी झाले. हल्लेखोराला लागलेली ९ मिमीची गोळी हृदयापर्यंत पोहोचली नव्हती. म्हणून एफबीआय मोठ्या काडतुसांकडे वळली, आधी १० मिमी आणि मग .४०. पुढे २०१४ च्या सुमारास त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने निष्कर्ष काढला की हातातल्या कुठल्याही पिस्तुलाची गोळी रायफलच्या तुलनेत दुबळीच असते. गोळी पुरेशी खोल, म्हणजे बारा ते अठरा इंच गेली पाहिजे आणि नेमक्या जागी लागली पाहिजे. त्यापुढे कॅलिबरचा फरक किरकोळ ठरतो. एफबीआय पुन्हा ९ मिमीवर आली, कारण त्यात झटका कमी बसतो आणि नेम सुधारतो.

यातून आपण घ्यायचा धडा साधा आहे. हत्यारापेक्षा सराव महत्त्वाचा. आणि सराव हीच गोष्ट गावातल्या परवानाधारकाला मिळत नाही. नेमबाजीची केंद्रे शहरात, काडतुसे महाग आणि परवान्यावर मोजून मिळणारी. २०१६ च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणले हे चांगलेच झाले. पण एकदाचे प्रशिक्षण म्हणजे सराव नव्हे.

कोणाच्या खिशाला परवडते

'निर्भीक' जानेवारी २०१४ मध्ये बाजारात आले. दिल्लीच्या २०१२ च्या घटनेनंतर महिलांसाठीचे हत्यार म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वजन सुमारे अर्धा किलो, पर्समध्ये मावणारे. किंमत होती सुमारे सव्वा लाख रुपये. जिच्या जिवाला सर्वात जास्त धोका आहे ती शेतमजूर बाई एवढे पैसे कुठून आणणार? आणि आणले तरी खुरपणीला वाकलेल्या, सोयाबीनच्या ओळीत बसलेल्या बाईने ते ठेवायचे कुठे?

२०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हत्यार नेताना ते अंगावरच्या म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात हवे. लग्नात, मिरवणुकीत, जत्रेत ते परजायला किंवा झाडायला बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदोत्सवात गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे हत्यार मिरवण्यासाठी नाही, झाकून बाळगण्यासाठी आहे. झाकलेले हत्यार घाईत बाहेर काढायचे म्हणजे पुन्हा सरावच आला. घरात ठेवायचे तर कुलूपबंद ठेवावे लागते. एका खोलीच्या घरात, जिथे लेकरे त्याच जमिनीवर झोपतात, तिथे भरलेले रिव्हॉल्व्हर आधी घरच्यांनाच धोका असते.

निवडणुकीच्या काळात परवान्याची शस्त्रे बहुधा पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. गावात तणाव सर्वात जास्त कधी असतो, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

कायदा कुठपर्यंत साथ देतो

स्वसंरक्षणाचा हक्क खरा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ त्यासाठी आहेत. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल, बलात्काराचा किंवा ॲसिडचा हल्ला असेल, तर हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी हा हक्क टिकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही.

कागदावर हे सर्वांसाठी सारखे आहे. प्रत्यक्षात गोळी झाडल्यावर पहिली फिर्याद कोणाची लिहिली जाईल? ॲट्रॉसिटीची तक्रार नोंदवायला गेलेल्यावरच दरोड्याची किंवा मारहाणीची उलट तक्रार होते, हा अनुभव गावोगावचा आहे. ज्या ठाणेदाराकडे साधी फिर्याद घ्यायला दिवस लागतो, तो "यानेच आधी गोळी झाडली" हे लिहायला किती वेळ घेईल?

आणि जमावाचे काय? २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना जमावाने घेरून मारले. आपल्यावरचे मोठे हल्ले असेच झाले आहेत. अनेक माणसे, काठ्या, कुऱ्हाडी आणि चारही बाजूंनी कोंडलेले घर. सहा काडतुसांचे हत्यार एकट्यादुकट्या हल्लेखोराला रोखू शकते. गावाला ते रोखत नाही. उलट आपल्या वस्तीत एक परवाना आला म्हणून समोरच्या वाड्यात पाच आले, तर ती शर्यत आपण हरणार हे ठरलेले आहे. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३.६९ लाख शस्त्र परवाने होते, त्यातले १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात. तिथला दलित त्यामुळे सुरक्षित झाला, असे कोणी म्हणेल का?

मग मागणी सोडायची का?

नाही. शस्त्राचा प्रश्न आपल्यासाठी प्रतिष्ठेचाही आहे. खालच्या मानलेल्या वर्गांना शस्त्र आणि शिक्षण दोन्ही नाकारल्यामुळे त्यांना बंड करता आले नाही, हे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त १९३६ मध्येच मांडले. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तीही मोठ्या प्रयत्नांनंतर. म्हणून ज्याच्या जिवाला खरा, नोंदवलेला धोका आहे, उदाहरणार्थ खटल्यातील साक्षीदार, जमिनीच्या वादातील फिर्यादी किंवा धमक्या आलेला कार्यकर्ता, त्याने अर्ज जरूर करावा. तुमच्याकडे मालमत्ता पुरेशी नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. शस्त्र कायद्याचे कलम १४(२) तसे स्पष्ट सांगते. नकाराची कारणे लेखी मागा आणि कलम १८ खाली अपील करा. परवाना मिळाल्यावर आधी शिका, मग बाळगा.

पण समाज म्हणून आपली मागणी नियम ३ मधल्या परवान्याच्या एका ओळीपुरती राहू नये, तो संपूर्ण नियम लागू करण्याची असावी. त्या नियमाचा क्रमच बघा. आधी धोक्याची क्षेत्रे ठरवा, मग समोरच्याची शस्त्रे काढून घ्या आणि शेवटी, गरज असेल तर, पीडिताला परवाना द्या. पहिल्या दोन पायऱ्या गाळून सरकार तिसरी देऊ लागले, तर सुरक्षेची जबाबदारी सरकारच्या खांद्यावरून आपल्या खांद्यावर येते. उद्या काही घडले तर "परवाना दिला होता ना" असे उत्तर मिळेल.

२०२२ मध्ये देशात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. त्यांचा मुकाबला बंदुकीने होणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीची वर्षातून दोनदा झाली पाहिजे, असे हेच नियम सांगतात. प्रत्येक जिल्ह्यातून माहिती अधिकारात चार प्रश्न विचारा. आपल्या जिल्ह्यात अत्याचारप्रवण गावे कोणती ठरवली? तिथे किती जणांचे परवाने रद्द करून शस्त्रे जमा केली? अनुसूचित जाती-जमातींच्या किती अर्जदारांना परवाने दिले, किती नाकारले? आणि दक्षता समितीच्या गेल्या चार बैठका कोणत्या तारखांना झाल्या?

काही उपासक विचारतील की पाणातिपाताचे शील घेतलेल्याने पिस्तुलाची चर्चा करावी का? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. लेकरावर कुऱ्हाड उगारलेली असताना आईने काय करावे, हे धम्म तिच्या विवेकावर सोडतो. आमचा प्रश्न तिला नाही. ती वेळ तिच्यावर येऊ नये यासाठी ज्यांना पगार मिळतो, त्यांना आहे. तीस वर्षांपूर्वी नियम करून त्यांनी ती जबाबदारी स्वीकारली होती. तिचा जाब आता जिल्ह्याजिल्ह्यातून मागायला हवा.