मार्चअखेरचं विज्ञान

कोकणातल्या एका छोट्या संस्थेचा अर्ज या आठवड्यात एका कंपनीच्या फाउंडेशनकडून परत आला. खाडीकाठच्या शाळांतल्या मुलांनी वर्षभर पाण्याचा खारेपणा मोजायचा, कांदळवनातले खेकडे आणि पक्षी नोंदवायचे, आणि त्या नोंदींतून विज्ञान शिकायचं, असा प्रकल्प होता. छापील नमुन्यात विचारलं होतं: लाभार्थी किती, दर लाभार्थीमागे खर्च किती, आणि मार्चअखेर मोजता येईल असा कोणता बदल दिसेल. कोण शिकवणार आणि कसं, यासाठी रकानाच नव्हता. शिक्षिकेचं मानधन अंदाजपत्रकात दिसताच शेरा पडला, ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या आत आणा.’

या पाच टक्क्यांवर या सदरात पूर्वीही लिहिलं गेलं आहे. पुन्हा लिहावं लागतं, याचा संताप येतो. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या, म्हणजे सीएसआरच्या, नियमांतली ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारासाठी आहे. प्रकल्प आखणं, राबवणं, त्याचं मूल्यमापन करणं यांवरचा थेट खर्च तिच्यात धरायचा नाही, हे 2021च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. मुलांना घेऊन चिखलात उतरणारी शिक्षिका कोणत्या हिशेबाने प्रशासन ठरते? तिच्याशिवाय प्रकल्पात उरतं काय?

याच्या शेजारी एक जुना अर्ज ठेवून पाहावा. 12 मार्च 1944 रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिलं. भाभा तेव्हा चौतीस वर्षांचे होते आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये काम करत होते. मूलभूत भौतिकशास्त्राच्या संशोधनासाठी एक केंद्र हवं, एवढीच त्यांची मागणी. अणुऊर्जेपासून वीज निर्माण होऊ लागेल तेव्हा, म्हणजे दोनेक दशकांनी, भारताला तज्ज्ञ परदेशांत शोधावे लागणार नाहीत, असं त्यांनी त्यात मांडलं. त्या दिवशी हिरोशिमा अजून घडलं नव्हतं आणि जगात एकही अणुवीजकेंद्र नव्हतं. तरीही ट्रस्टने महिन्या-दोन महिन्यांत होकार दिला. 1945 मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. ऑगस्ट 1956 मध्ये तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. पत्र आणि अणुभट्टी यांच्यामध्ये बारा वर्षं गेली, आणि एवढा काळ लागणार हे देणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

भाभांची टाटा घराण्यात सोयरीक होती. त्यांच्या आत्या मेहेरबाई म्हणजे सर दोराबजींच्या पत्नी. त्यांचं पत्र वाचणारे त्यांना ओळखत होते. तालुक्याच्या गावातल्या विज्ञानशिक्षिकेची अशी ओळख कुठली असणार? तिच्या वतीने बोलायला तो छापील नमुनाच असतो. म्हणूनच त्यात योग्य प्रश्न असायला हवेत.

शाळेतल्या विज्ञानालाही काळ लागतोच. मध्य प्रदेशातला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 साली सोळा शाळांत सुरू झाला आणि पूर्ण जिल्ह्यात पोहोचायला 1978 उजाडलं. मधली सगळी वर्षं शिक्षकांची प्रशिक्षणं, मासिक बैठका, धडे पुन्हा पुन्हा लिहून वर्गात तपासणं यांत गेली. प्रयोगांचं साहित्य तर स्वस्तच होतं. मार्चअखेरच्या तक्त्यात पहिल्या वर्षी या कार्यक्रमाच्या नावापुढे ‘सोळा शाळा’ एवढंच लिहिता आलं असतं, आणि दुसरा हप्ता बहुधा थांबला असता.

कायदा कंपन्यांना इतकी घाई करायला सांगत नाही. सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षं चालणारा प्रकल्प नियमांत बसतो. परिणामांचं स्वतंत्र मूल्यमापन सरासरी दहा कोटी किंवा त्याहून जास्त सीएसआर दायित्व असलेल्या कंपन्यांनाच बंधनकारक आहे. तेही एक कोटी किंवा त्यावरच्या प्रकल्पांचं, आणि प्रकल्प संपून किमान एक वर्ष झाल्यावर. मग काही लाखांच्या शाळाप्रकल्पाला निकाल आधीच का विचारला जातो, हे सीएसआर समित्यांनी सांगावं. पुढच्या वर्षाचे नमुने छापायला जाण्याआधी त्यांनी त्यात तीन वर्षांचं अंदाजपत्रक मागावं, आणि शिकवणाऱ्याच्या मानधनासाठी वेगळी ओळ ठेवावी.